जुने मोटारवाले, नवे इलेक्ट्रिकवाले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या मोटार कंपन्या आणि नव्या इलेक्ट्रिक कंपन्या यांच्या चुरशीबद्दल येणारे प्रश्न बहुतेक तेच असतात, फक्त शब्द बदलतात. म्हणून ते एकदाचे एका जागी लिहून काढले. सुरुवातीचे प्राथमिक आहेत, पुढचे जरा अडचणीचे. एकच गोष्ट दोनदा सांगायची नाही म्हणून मधूनमधून ‘अमुक प्रश्न पाहा’ असं दिसेल.

१. जुन्या कंपन्या आणि नव्या कंपन्या म्हणजे नेमक्या कोणत्या?

ढोबळ विभागणी अशी. इंजिनाच्या गाड्या विकून ज्यांनी आपलं बस्तान बसवलं त्या जुन्या: टोयोटा, फोक्सवॅगन, जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई, बीएमडब्ल्यू वगैरे. पहिल्या गाडीपासून बॅटरीवरच डाव लावणाऱ्या त्या नव्या: टेस्ला (स्थापना २००३), रिव्हियन, ल्युसिड, निओ, एक्सपेंग.

रेषा पुसट आहे. बीवायडी १९९५ मध्ये शेन्झेनला बॅटरी बनवणारी कंपनी म्हणून सुरू झाली, २००३ मध्ये एक छोटी मोटार कंपनी विकत घेऊन गाड्यांच्या धंद्यात उतरली आणि मार्च २०२२ पर्यंत निव्वळ पेट्रोलच्या गाड्याही बनवत होती. पोलस्टारचं नाव नवं, पण घर व्होल्वोचं, म्हणजे पर्यायाने गीलीचं. त्यामुळे वय बघण्यापेक्षा मी एक प्रश्न विचारतो: उद्या पेट्रोलच्या गाड्या खपायच्या थांबल्या, तर या कंपनीचं किती जाईल? जिचं खूप जाईल ती जुनी.

२. इलेक्ट्रिक गाडी बनवायला सोपी असते, म्हणून कुणीही या धंद्यात उतरतो, हे खरं का?

अर्धं खरं. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून शेकडो हलणारे भाग असतात, मोटरमध्ये मोजकेच. इंजिन उत्तम बनवायला जुन्या कंपन्यांना शंभर वर्षं लागली. ती शंभर वर्षांची शिकवणी नव्यांना चुकवता आली, एवढं खरं.

पण ‘एक गाडी बनवणं’ आणि ‘आठवड्याला पाच हजार सारख्या गाड्या बनवणं’ हे दोन वेगळे धंदे आहेत. दुसरा अजूनही तितकाच अवघड आहे. टेस्लाने २०१७-१८ मध्ये मॉडेल ३ ची जुळणी रोबोंवर सोपवायचा प्रयत्न केला आणि तिथेच ती अडकली. शेवटी फ्रीमाँटच्या कारखान्याच्या आवारात मोठा तंबू ठोकून त्यात जुळणीची आणखी एक लाइन टाकली. अति यांत्रिकीकरण ही आपली चूक होती, हे मस्कने स्वतः कबूल केलं. तो फ्रीमाँटचा कारखाना पूर्वी जनरल मोटर्स आणि टोयोटा मिळून चालवत होत्या. टोयोटाची जगप्रसिद्ध उत्पादनपद्धत अमेरिकन कामगार ज्या छपराखाली शिकले, त्याच छपराखाली नव्या कंपनीला ते धडे पुन्हा गिरवावे लागले.

३. इलेक्ट्रिक गाड्या तर जुन्या कंपन्यांनीच आधी आणल्या होत्या ना? मग त्या मागे कशा पडल्या?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्याचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं: ‘तेल कंपन्यांशी संगनमत’. मला तरी इतकं दूर जायची गरज वाटत नाही.

जनरल मोटर्सने १९९६ मध्ये ईव्ही१ आणली. कॅलिफोर्नियाच्या १९९० च्या प्रदूषण नियमामुळे आणली, आवड म्हणून नव्हे. हजारभर गाड्या भाड्याने दिल्या, नियम सैल झाल्यावर परत घेतल्या आणि बहुतेक भंगारात काढल्या. निसानने तर २०१० च्या डिसेंबरात लीफ विकायला सुरुवात केली, म्हणजे टेस्लाच्या मॉडेल एसच्या दीड वर्ष आधी. गाडी प्रामाणिक होती. पण बॅटरी थंड ठेवायला द्रवाची व्यवस्था नव्हती, त्यामुळे उष्ण प्रदेशात बॅटरी लवकर उतरायची. मुख्य म्हणजे, निसानच्या भल्यामोठ्या यादीत ती एक गाडी होती. ती पडली असती तरी निसान उभी राहणार होती.

जुन्या कंपनीच्या आतून बघा. इंजिनाचा कारखाना उभा आहे, त्याचे पैसे वसूल झालेले आहेत, तिथून निघणारी प्रत्येक गाडी नफा देते. इलेक्ट्रिक गाडीसाठी नवा कारखाना, नवे पुरवठादार, वर सुरुवातीची काही वर्षं तोटा. आणि ती खपली तरी गिऱ्हाईक कुणाचं पळवणार? आपल्याच पेट्रोल गाडीचं. अशा बैठकीत ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणारा मॅनेजर मूर्ख नसतो, त्याचा हिशेब त्या वर्षापुरता बरोबरच असतो. तसे पंधरा बरोबर हिशेब एकापुढे एक लागले की मधल्या काळात दुसरं कुणीतरी पुढे निघून गेलेलं असतं.

टेस्लाकडे वाचवण्यासारखं काही नव्हतंच. शिवाय तिने खालून सुरुवात केली नाही. आधी महागडी रोडस्टर (२००८), मग मॉडेल एस (२०१२), मग मॉडेल ३ (२०१७). बॅटरी महाग होती तोवर गिऱ्हाईकही पैसेवालं निवडलं.

४. जुन्यांकडे हजारो इंजिनिअर आहेत. मग सॉफ्टवेअरमध्येच का अडखळतात?

कारण त्यांची गाडी कधी एका संगणकावर चालतच नव्हती. ब्रेकचा संगणक एका पुरवठादाराचा, एअरबॅगचा दुसऱ्याचा, काचांचा तिसऱ्याचा. एका गाडीत असे सत्तर-शंभर छोटे संगणक, प्रत्येकाचा कोड त्या त्या पुरवठादाराच्या मालकीचा. कंपनीचं काम त्यांची मोट बांधणं. दर पुरवठादाराशी घासाघीस करून भाव पाडायला ही पद्धत झकास. पण रात्री घराबाहेर उभ्या असलेल्या गाडीत सुधारणा पाठवायची म्हटलं की पंचाईत.

नव्यांनी मोजके मोठे संगणक ठेवले आणि कोड स्वतः लिहिला. २०१८ मध्ये एका अमेरिकन ग्राहक-चाचणीत मॉडेल ३ थांबायला फार अंतर घेते असं दिसलं. टेस्लाने काही दिवसांत अपडेट पाठवला आणि ते अंतर जवळजवळ १९ फुटांनी कमी झालं. गाडीला कुणी हातही लावला नाही.

याच्या उलट फोक्सवॅगन. २०२० मध्ये आयडी ३ ची पहिली खेप काही सुविधा अपुऱ्या ठेवूनच ग्राहकांना दिली गेली. समूहाने कॅरियाड नावाची स्वतंत्र सॉफ्टवेअर कंपनी काढली, तिच्या रखडण्यामुळे पोर्शेची ‘मकान’ नावाची इलेक्ट्रिक गाडी लांबणीवर पडली आणि २०२२ मध्ये समूहाचे प्रमुख हर्बर्ट डीस यांना जावं लागलं, त्यामागचं एक मोठं कारण हेच. नंतर फोक्सवॅगनने काय केलं, ते प्रश्न १४ मध्ये.

५. मग सॉफ्टवेअर जमलं की जुन्या कंपन्यांचं गाडं रुळावर?

बॅटरी राहिलीच की. इलेक्ट्रिक गाडीतला सगळ्यात महाग भाग तोच. ब्लूमबर्गएनईएफ या संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये लिथियम-आयन बॅटरी पॅकचा जागतिक सरासरी भाव किलोवॅट-तासाला ११५ डॉलर होता, २०१० मध्ये तो हजाराच्या वर होता. साठ किलोवॅट-तासांच्या पॅकवर हा फरक किती होतो ते मनातल्या मनात करून बघा.

इंजिन जुन्यांचं घरचं असायचं, त्यावरच त्यांचं नाव. बॅटरी मात्र बहुतेकांना बाहेरून घ्यावी लागते: सीएटीएल, एलजी, पॅनासॉनिक यांच्याकडून. म्हणजे गाडीतला सर्वांत मौल्यवान भाग दुसऱ्याच्या हातात. सेलमधल्या दोषामुळे आगीचा धोका निघाल्यावर २०२१ मध्ये जनरल मोटर्सला तोवर विकलेल्या सगळ्या शेवरोले बोल्ट परत बोलवाव्या लागल्या. खर्चाचा बराचसा वाटा एलजीने उचलला, पण बोनेटवरचं नाव शेवरोलेचं होतं.

६. चिनी कंपन्या इतक्या स्वस्त कशा विकतात? सगळं सरकारी अनुदानच ना?

अनुदान होतं, आणि भरपूर होतं. केंद्र सरकारचं खरेदी-अनुदान २०२२ च्या अखेरीला थांबलं, पण तोवर एक अख्खी पिढी उभी राहिली होती. शहरंही पैसे घालत होती. २०२० मध्ये निओ बुडायच्या बेतात असताना हेफेई शहराच्या सरकारी गुंतवणूकदारांनी तिला सावरलं.

पण अनुदान बाजूला काढलं तरी तीन गोष्टी उरतात. पहिली, लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी. तिच्यात निकेल-कोबाल्ट लागत नाही, म्हणून स्वस्त. इतरांनी ती ‘कमी पल्ल्याची’ म्हणून बाजूला ठेवली, चिनी कंपन्यांनी घोटून सुधारली. बीवायडीची २०२० ची ब्लेड बॅटरी याच जातीची. दुसरी, सगळं घरात. बीवायडी सेल, मोटर आणि चिपसुद्धा बनवते, निर्यातीसाठी गाड्या वाहणारी जहाजंही चालवते. तिसरी, वेग. जुनी कंपनी नवं मॉडेल आणायला चार वर्षं घेते तिथे चिनी कंपनी दीड-दोन वर्षांत आणते.

चौथी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, ती म्हणजे पुरवठादारांचे पैसे लटकवून ठेवणं. भावयुद्धाचा भार तिकडे ढकलला जात होता. जून २०२५ मध्ये सरकारने डोळे वटारल्यावर बड्या कंपन्यांनी साठ दिवसांत बिलं चुकती करण्याचं वचन दिलं. म्हणजे आधी काय चाललं असेल, ते समजून घ्या.

७. डीलरशिवाय गाडी विकणं, हा खरंच एवढा मोठा फरक आहे का?

आहे. नवी कंपनी थेट विकते, किंमत आज बदलली तर आज लागू. जुनीच्या मधे डीलर असतो आणि डीलरची बरीच कमाई सर्व्हिसिंगवर चालते. इलेक्ट्रिक गाडीला ना ऑइल बदलायचं, ना स्पार्क प्लग. ती विकायला डीलरने उत्साह का दाखवावा? अमेरिकेत बऱ्याच राज्यांत डीलरांना कायद्याचं संरक्षण आहे. टेक्सासमध्ये टेस्लाचा प्रचंड कारखाना आहे, पण त्याच राज्यात ती स्वतःच्या गाड्या थेट विकू शकत नाही. विक्री कागदोपत्री राज्याबाहेर झालेली दाखवावी लागते.

उलट बाजूही आहे. गाडीला धडक बसली, दरवाजा हवाय, तेव्हा गावोगावचा डीलर ही किती मोठी सोय असते ते कळतं. नव्यांच्या ग्राहकांच्या तक्रारी बहुतेक इथल्याच.

८. टेस्लाचा नफा म्हणजे नुसते प्रदूषण क्रेडिट विकून आलेले पैसे, हे खरं का?

एके काळी खरं होतं. (प्रदूषणाचे नियम गरजेपेक्षा जास्त पाळणाऱ्या कंपनीला क्रेडिट मिळतात आणि ती कमी पडणाऱ्यांना विकता येतात.) टेस्लाला पहिला वार्षिक नफा २०२० मध्ये झाला, सुमारे ७२ कोटी डॉलर, आणि त्या वर्षी क्रेडिटची विक्री होती सुमारे १५८ कोटी. म्हणजे क्रेडिट नसती तर तोटाच. पुढे गाड्यांवरच नफा होऊ लागला. २०२४ मध्ये क्रेडिटचे २७६ कोटी आणि निव्वळ नफा ७०० कोटींच्या आसपास.

ही क्रेडिट घेत कोण होतं? ज्यांना स्वतःच्या गाड्यांनी नियम पाळता येत नव्हते ते, म्हणजे जुनेच. २०१९ मध्ये फियाट क्रायस्लरने दंड टाळण्यासाठी युरोपात आपला ताफा टेस्लाच्या ताफ्याबरोबर मोजून घेतला आणि त्याचे पैसे मोजले. आपल्याच प्रतिस्पर्ध्याचा कारखाना उभारायला वर्गणी देणं म्हणतात ते हेच. अमेरिकेत २०२५ च्या जुलैत इंधनक्षमतेच्या नियमाचा दंडच शून्यावर आणला गेला. तिथला हा झरा त्यामुळे आटतोय.

९. जुन्या कंपन्या इलेक्ट्रिकमध्ये अब्जावधींचा तोटा सोसतात, तरी बनवतात कशासाठी?

फोर्ड आपल्या इलेक्ट्रिक विभागाचा हिशेब वेगळा दाखवते, म्हणून आकडा माहीत आहे: २०२३ मध्ये ४७० कोटी डॉलर तोटा, २०२४ मध्ये ५१० कोटी. व्यावसायिक वाहनं आणि पेट्रोलच्या गाड्यांचा नफा तो भरून काढतो.

थांबता येत नाही त्याची कारणं दोन. युरोपात विकलेल्या गाड्यांचं सरासरी उत्सर्जन (किलोमीटरमागे किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड) मर्यादेबाहेर गेलं तर दर ग्रॅममागे, दर गाडीमागे ९५ युरो दंड, आणि मोठ्या कंपनीला हा दंड अब्जांत जातो. दुसरं, शिकायचं तर बनवावंच लागतं. पण तोटा कायम सोसायचा नसतो हेही खरं: अमेरिकेत इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांना मिळणारी ७,५०० डॉलरची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली आणि त्यानंतर फोर्डने आपल्या इलेक्ट्रिक योजनांपैकी बऱ्याच गुंडाळल्या.

१०. टोयोटाने घाई केली नाही, हेच शहाणपण ठरलं ना?

कुठे उभे राहून बघता त्यावर आहे. १९९७ च्या प्रिअसपासून हायब्रिडवर, म्हणजे इंजिन आणि मोटर दोन्ही असलेल्या गाड्यांवर, ठाम राहिल्याने अमेरिकेत तिची चांदी झाली. इतरांनी इलेक्ट्रिकवर पैसे ओतले आणि मागणी अपेक्षेइतकी वाढली नाही, तेव्हा टोयोटाकडे विकायला तयार माल होता.

चीनमध्ये मात्र २०२४ च्या मध्यापासून नव्या गाड्यांपैकी निम्म्याच्या आसपास बॅटरीवरच्या किंवा प्लग-इन (बाहेरून चार्ज करता येणाऱ्या हायब्रिड) विकल्या जातात, आणि परदेशी कंपन्यांचा तिथला वाटा २०२० मध्ये निम्म्याहून जास्त होता तो २०२४ मध्ये चाळीस टक्क्यांच्याही खाली आला. तिथे टोयोटाने बीझेड३ आणली ती बीवायडीची बॅटरी आणि मोटर घेऊन. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळजवळ ८९ टक्के पूर्ण इलेक्ट्रिक होत्या. एकच धोरण एका बाजारात शहाणपण आणि दुसऱ्यात उशीर ठरू शकतं.

११. जुन्यांपैकी कुणाला हे नीट जमलंय का?

ह्युंदाई-किया. पेट्रोल गाडीच्या सांगाड्यात बॅटरी कोंबण्याऐवजी त्यांनी इलेक्ट्रिकसाठी वेगळा पाया बनवला, तोही ८०० व्होल्टचा, म्हणजे झपाट्याने चार्ज होणारा. आयोनिक ५ (२०२१) त्यावरच आली. ही गाडी, मग आयोनिक ६, मग किया ईव्ही९ अशा सलग तीन वर्षं, २०२२ ते २०२४, ‘वर्ल्ड कार ऑफ द इयर’ ठरल्या. सवय मोडायची तयारी असेल तर जुनं असणं आड येत नाही.

१२. मग नव्या कंपन्या पटापट का बुडतात?

कारण त्यांच्याकडे तोटा भरून काढणारा दुसरा धंदा नसतो. लॉर्डस्टाउन २०२३ मध्ये, फिस्कर २०२४ मध्ये, कॅनू २०२५ मध्ये. चीनची डब्ल्यूएम मोटरही त्याच वाटेने गेली. हिशेब सोपा आहे: कारखाना, साचे, चाचण्या यांचा खर्च पहिली गाडी विकायच्या आधी होतो, आणि तो वसूल व्हायला लाखभर गाड्या खपाव्या लागतात. मधल्या काळात भांडवल आटलं की संपलं. टेस्लाही या दरीच्या काठावरून एकाहून अधिक वेळा परतली आहे.

म्हणून नवख्यांत मला त्यांची जास्त आशा वाटते जे दुसऱ्या भरभक्कम धंद्यातून आले. फोन बनवणाऱ्या शाओमीने मार्च २०२४ मध्ये एसयू७ ही गाडी आणली आणि त्याच वर्षात एक लाखाहून जास्त पोचवल्या. पण याला नियम समजू नका. ॲपलकडे त्याहून कितीतरी जास्त पैसा होता आणि दहा वर्षं खपून फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी गाडीचा नाद सोडला.

१३. मी नव्या कंपनीची गाडी घेतली आणि कंपनी बुडाली, तर गाडीचं काय होतं?

गाडी चालते. बाकी बरंच थांबू शकतं. पेट्रोल गाडीची कंपनी बुडाली तर सुट्या भागांची रड असते, पण गाडीला कंपनीच्या सर्व्हरची गरज नसते. इथे ॲप, चावी, अपडेट, कधी नकाशाही सर्व्हरवर टांगलेला असतो. फिस्कर बुडाल्यावर ओशन गाडीच्या मालकांनी स्वतः संघटना बांधून भाग आणि सॉफ्टवेअर मिळवायची धडपड केली. डब्ल्यूएमच्या मालकांनाही ॲप बंद पडल्याचा अनुभव आला.

घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: इंटरनेट नसताना गाडी उघडते आणि चार्ज होते का, बॅटरी आणि मोटर कुणाच्या आहेत (मोठ्या पुरवठादाराच्या असतील तर बरं), आणि वॉरंटी कंपनीची आहे की त्यामागे विमा आहे.

१४. फोक्सवॅगन रिव्हियनमध्ये पैसे घालते, स्टेलान्टिस (फियाट, प्यूजो, जीप वगैरेंची मालक) चिनी लीपमोटरमध्ये. मग ही स्पर्धा कसली?

लग्नं सोयीची आहेत. एकाकडे नाही ते दुसऱ्याकडे आहे. २०२३ मध्ये फोक्सवॅगनने सुमारे ७० कोटी डॉलर देऊन एक्सपेंगचा पाचेक टक्के हिस्सा घेतला. २०२४ मध्ये रिव्हियनबरोबर संयुक्त कंपनी ठरली, त्यात एकूण ५८० कोटी डॉलरपर्यंत घालायची तयारी आहे. विकत काय घेतलं? गाडीतल्या संगणकांची मांडणी आणि त्यावरचं सॉफ्टवेअर, म्हणजे प्रश्न ४ मधलं दुखणं. स्टेलान्टिसने दीड अब्ज युरो देऊन लीपमोटरचा सुमारे २१ टक्के हिस्सा घेतला आणि चीनबाहेर त्या गाड्या आपल्या जाळ्यातून विकायला घेतल्या.

वीस वर्षांपूर्वी तंत्रज्ञान जुन्यांचं आणि बाजार चीनचा असा व्यवहार व्हायचा. आता फासे उलटे पडलेत.

१५. आयातशुल्क लावलं की जुन्या कंपन्या वाचतात का?

वेळ मिळतो. अमेरिकेने २०२४ मध्ये चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवरचं शुल्क १०० टक्के केलं, तिथे दार बंदच. युरोपने त्याच वर्षी ऑक्टोबरात कंपनीनिहाय जादा शुल्क लावलं: बीवायडीला १७ टक्के, चीनच्या सरकारी एसएआयसी कंपनीला ३५.३ टक्के, तेही आधीच्या १० टक्क्यांवर.

गंमत अशी की जर्मन कंपन्यांनीच याला विरोध केला. एक तर चीन त्यांचा मोठा बाजार, तिथून उलट फटका बसायची भीती. शिवाय चीनमध्ये बनणारी बीएमडब्ल्यूची इलेक्ट्रिक मिनी, आणि टेस्लासुद्धा, या शुल्कात सापडल्या. आणि हे शुल्क पूर्ण इलेक्ट्रिक गाड्यांवर आहे, प्लग-इन हायब्रिडवर नाही. चिनी कंपन्यांनी ती फट लगेच हेरली.

१६. नोकऱ्या जाणार त्या इलेक्ट्रिकमुळेच ना?

फक्त त्यामुळे नाही, पण आहे. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी केलेल्या करारात जर्मनीतल्या ३५ हजारांहून जास्त जागा २०३० पर्यंत कमी करायचं ठरलं. मात्र त्यात चीनमधली घटलेली विक्री आणि रिकामे पडलेले कारखाने यांचाही वाटा आहे. जास्त झळ सुट्या भागांच्या कंपन्यांना बसते, कारण गिअरबॉक्स बनवणाऱ्याला बॅटरीच्या गाडीत फारसं काम उरत नाही. गिअरबॉक्स आणि इतर भाग बनवणाऱ्या झेडएफने २०२४ मध्ये जर्मनीत १४ हजारांपर्यंत जागा कमी करायचं जाहीर केलं.

१७. बीवायडीने टेस्लाला नेमकं कधी मागे टाकलं? दर वेळी वेगळं वाचायला मिळतं.

कारण दर वेळी वेगळं मोजतात. २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत पूर्ण इलेक्ट्रिक गाड्यांत बीवायडी पुढे गेली. २०२४ च्या अख्ख्या वर्षात मात्र टेस्ला थोडक्यात पुढे राहिली: १७.९ लाख विरुद्ध १७.६ लाख. २०२५ मध्ये बीवायडी स्पष्टपणे पुढे गेली. प्लग-इन हायब्रिड धरल्या तर २०२४ मध्येच बीवायडीचा आकडा ४२ लाखांच्या वर आहे, पण मग ती तुलना टेस्लाशी न करता फोर्डशी करायला हवी. आकडा वाचताना ‘कशाचा’ आणि ‘किती काळाचा’ एवढं बघा.

१८. टेस्लाच आता जुनी कंपनी झाली का?

प्रश्न १ ची कसोटी लावली तर नाही, पेट्रोलचं ओझं तिच्यावर नाही. पण दुसऱ्या अर्थाने लक्षणं दिसतात. विक्रीचा मोठा भाग दोनच मॉडेलांवर, मॉडेल ३ आणि वाय. त्यातलं धाकटं २०२० चं. २०२४ मध्ये वार्षिक विक्री पहिल्यांदा घसरली, २०२५ मध्ये पुन्हा. चीनमध्ये तिच्यासमोर उभ्या असलेल्या कंपन्या दीड-दोन वर्षांत नवं मॉडेल काढतात. नीट चालणारी दोन मॉडेलं हातात असताना तिसऱ्यावर पैसे कशाला घालायचे, हा हिशेब तिथेही आता कुणीतरी मांडत असणार, आणि त्या वर्षापुरता तो बरोबरही येत असेल.